ॲल्युमिनियमची फ्रेम घरच्या घरी चकाकवायची आहे: आरसा करावा की नुसती साफ?

खटपट्या

नमस्कार मंडळी. जुनी सुझुकी एसव्ही६५० घेतली आहे, पहिल्या पिढीतली, म्हणजे १९९९ ते २००२ मधली. ९० अंशांचं व्ही-ट्विन इंजिन, त्याचा आवाज आणि विकणाऱ्याने सांगितलेली किंमत, तिन्हीवर भाळलो. मुक्काम बर्मिंगहॅम. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. आधीच्या मालकाने ते कधी धुतलं असेल असं वाटत नाही.

इंजिन ठणठणीत आहे, फ्रेम मात्र बघवत नाही. ॲल्युमिनियमच्या लंबगोल नळ्या कैचीसारख्या त्रिकोणात जोडलेल्या, आणि गाडीला अंगावर फेअरिंग (प्लॅस्टिकचं आवरण) नाही, त्यामुळे सगळं उघड्यावर. नळ्यांवर पांढरी भुकटी उगवली आहे. काही ठिकाणी वरच्या थराखाली गांडूळ सरपटत गेल्यासारख्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात. बुटाची टाच घासते तिथे थर पूर्ण उडून धातू काळवंडलाय.

प्रश्न:
१. वरचा थर लॅकरचा (पारदर्शक रंगाचा) आहे की ॲनोडायझिंग (धातूवरच विजेने चढवलेला ऑक्साइड), हे कसं ओळखायचं?
२. इंजिन न उतरवता काम होईल का? माझ्याकडे एक शेड, एक ड्रिल मशीन आणि शनिवार-रविवार आहेत.
३. पॉलिश झाल्यावर वर काय लावायचं?

स्वप्न आरशाचं आहे. बायकोने "आधी स्वयंपाकघराचा नळ" असं सुनावलं आहे.

गिअरबदल

फोटो कुठेत? फोटोशिवाय गाडीचा धागा म्हणजे शुद्ध फसवणूक. (हलकेच घ्या.)

उद्यमनगर

भावा, आधी नळ दुरुस्त कर, मग शेडमध्ये शांतपणे काम करता येतं.

आता कामाचं. घरात बफिंगचा धंदा आहे, पंपाची कास्टिंगं आणि गाड्यांची कव्हरं रोज हाताखालून जातात. लोक येतात आणि म्हणतात, "जरा बफ मारून द्या." बफ, म्हणजे चमक आणणारं कापडी चाक, शेवटचा असतो. आरसा बफावर होत नाही, सँडपेपरवर होतो. पेपर नीट मारला नसेल तर बफ ओरखड्यांनाच चमक आणतो, मग उन्हात गाडी लावली की प्रत्येक ओरखडा लांबून दिसतो.

क्रम असा. खळगे खोल असतील तर २४० नंबरपासून, नाहीतर सरळ ३२० किंवा ४००. मग ६००, ८००, १०००, १२००, पुढे १५००, २०००. सगळा वॉटर पेपर, ओला करून. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. आमच्याकडे जुने कारागीर रॉकेल घेतात. ॲल्युमिनियम मऊ असतं, कोरड्या पेपरात गच्च बसतं आणि तीच गुठळी उलट नवे ओरखडे पाडते.

सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक नंबरला दिशा बदल. ४०० नळीच्या लांबीने मारला तर ६०० आडवा. ६०० मारताना लांबीच्या रेघा दिसत असतील तर ६०० चं काम अजून संपलेलं नाही. त्या पूर्ण गेल्याशिवाय ८०० हातात घ्यायचा नाही. घाईत एक नंबर गाळला की पुढचे तीन नंबर त्याची भरपाई करत बसतात.

मिश्रधातू

प्रश्न क्र. १ बद्दल. धातुशास्त्र शिकले आहे आणि नोकरीतही रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर.

साधा मल्टिमीटर घ्या, कंटिन्युइटीवर ठेवा. दोन्ही टोकं नळीवर हलकेच टेकवा, खुपसू नका. बीप वाजला तर धातू उघडा आहे. वाजला नाही तर वर काहीतरी आहे. लॅकरमधून वीज जात नाही, ॲनोडायझिंगचा थर म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यातूनही जात नाही. मग दुसरी परीक्षा. सीटखाली, जिथे कोणी बघणार नाही अशा जागी, पेंट स्ट्रिपरचा बोळा थोडा वेळ ठेवा. लॅकर सुरकुतेल, फुगेल, सोलून निघेल. ॲनोडायझिंगला ढिम्म फरक पडणार नाही.

पण तुम्ही जे गांडूळ म्हणता आहात त्यावरून माझा कौल लॅकरकडे. याला फिलिफॉर्म गंज म्हणतात. खडा लागून लॅकरला टिचका पडतो, तिथून मीठ आणि ओल आत शिरते. रेघेच्या टोकाशी प्राणवायू कमी, शेपटीकडे जास्त. त्या फरकामुळे टोक धातू खात पुढे सरकत राहतं आणि मागे पांढरी भुकटी सोडतं. वरून पुसून काहीच होत नाही, कारण सगळा कारभार थराखाली चाललेला असतो. लॅकर उतरवावंच लागेल.

ॲनोडायझिंग निघालं तर गणित बदलतं. तो थर जेमतेम ५ ते २५ मायक्रॉन, पण खालच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण. कॉस्टिक सोड्यात तो विरघळतो, इंटरनेटवर ओव्हन क्लीनरचे व्हिडिओ त्याच तत्त्वावर चालतात. जोडलेल्या गाडीवर हे करू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाही खातं, हायड्रोजन सुटतो, उष्णता निघते, ओघळ कुठे जाईल सांगता येत नाही. डोळ्यात एक थेंब गेला तरी आयुष्यभराचं नुकसान. ॲनोडायझिंग असेल तर फ्रेम मोकळी करून ॲनोडायझिंगवाल्याकडेच थर काढून घ्या.

आर१५वाला

मस्त धागा, वाचनखूण साठवली. माझी २००८ ची यामाहा आर१५ आहे. तिचीपण डेल्टाबॉक्स फ्रेम आहे, काळा रंग काढून अशीच चकाकवता येईल का?

गिअरबदल

@आर१५वाला, फ्रिजवरचं चुंबक काढा आणि फ्रेमला लावा. चिकटेल. डेल्टाबॉक्स हे आकाराचं नाव, धातूचं नाही. यामाहाने १९८० च्या दशकात परदेशात ॲल्युमिनियमची डेल्टाबॉक्स काढली, पण आपल्याकडची आर१५ ची फ्रेम पोलादी. रंग काढलात तर चमकेल, आणि पहिल्या पावसात तांबूस होईल.

आपल्याकडे बनणाऱ्या रोजच्या गाड्यांच्या फ्रेमा पोलादीच असतात. बुलेट, पल्सर, ड्यूकची जाळीदार फ्रेम, सगळ्या. ॲल्युमिनियम सापडतं ते इंजिनच्या कव्हरांत, चाकांत, काही गाड्यांच्या स्विंगआर्ममध्ये (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यात). रस्त्यावरच्या गाडीला कारखान्यातूनच ॲल्युमिनियमची फ्रेम देण्याची सुरुवात सुझुकीने १९८३ च्या आरजी२५० गॅमापासून केली, मग १९८५ ची जीएसएक्स-आर७५०. धागाकर्त्याची गाडी त्याच घराण्यातली.

चक्रम

एवढी हमाली कशाला? अँगल ग्राइंडरला बफ लावा, तासाभरात फ्रेम चकाचक. आमच्या गल्लीतला मेकॅनिक तसंच करतो.

उद्यमनगर

@चक्रम, तुमच्या गल्लीतल्या मेकॅनिकची बोटं मोजून बघा एकदा.

चेष्टा बाजूला. अँगल ग्राइंडर ११,००० आरपीएमला फिरतो. १०० मिमीचा बफ लावला तर कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या वर जातो. तेच ड्रिल मशीनवर ३,००० आरपीएमला ७५ मिमीचा बफ जेमतेम १२ मीटर. आमच्या दुकानातलं १५० मिमीचं चाक २,८०० ला फिरतं, ते २२ च्या आसपास. ज्या बफावर ११,००० सोसण्याचा आकडा छापलेला नाही तो ग्राइंडरवर लावला तर फाटून तोंडावर येतो. फाटला नाही तरी इतका तापतो की पॉलिशची वडी जळून काळा चिकट थर धातूवर बसतो. नळीला हात लावून चटका बसला की थांबायचं, एवढा साधा नियम.

ड्रिलवर काम करताना हातमोजा सैल नको, बाही मोकळी नको, गळ्यात काही लोंबतं नको. बफ कडेवर धरायचा नाही. चाक फिरतं त्या दिशेने कडेवरून बाहेर उतरलं पाहिजे, कडेत घुसता कामा नये. घुसलं की मशीन हातातून ओढून घेतं. वडी आधी तपकिरी ट्रिपोली, मग पांढरी. दोन्हींना वेगळे बफ, एकात एक मिसळायचे नाहीत. हिरवी वडी स्टीलसाठी ठेव.

आणि मास्क लाव. ट्रिपोलीत सिलिका असते.

मिश्रधातू

उद्यमनगर यांना अनुमोदन, आणि धुळीबद्दल पुरवणी. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्याच्या आसपास ॲल्युमिनियमची कोरडी धूळ साठू देऊ नका. रेल्वेचे रूळ जोडायला जे थर्माइट वापरतात त्यात ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइडच असतो. शेडच्या कोपऱ्यात दोन्ही धुळी आणि एक ठिणगी एकत्र यायला नको. ओला पेपर मारण्याचा हा आणखी एक फायदा, धूळ उडतच नाही.

स्टील वूल आणि तारेचा ब्रशही लांब ठेवा. पोलादाचे बारीक कण मऊ धातूत रुततात. पुढे तिथे तांबूस ठिपके पडतात आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियम कुरतडलं जातं.

शेवटचं, वेल्डिंगबद्दल. जोडावरची ती माशाच्या खवल्यांसारखी नक्षी घासून सपाट करायचा मोह होतो, कारण सपाट जोड छान चमकतो. फ्रेमची ताकद त्या जोडांत आहे. तिथला धातू कमी करू नका. फडकं आणि पॉलिश यांनी जेवढं उजळेल तेवढंच.

घाटरस्ता

चेसिस नंबरचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. त्याच्या चहूबाजूंनी मास्किंग टेप लावा आणि तिथे पेपर नेऊच नका. भारतात गाडी नावावर करताना पेन्सिलने त्याचा छाप घेतात. अक्षर पुसट झालेलं दिसलं की पहिला संशय चोरीचा. तुमच्याकडे एमओटीला (गाडीच्या सरकारी तपासणीला) तोच नंबर बघतात.

इंजिन न उतरवता करणार असाल तर रेडिएटर, चेन, कार्ब्युरेटरची तोंडं आणि हँडलच्या मानेच्या बेअरिंगची फट हे सगळं प्लॅस्टिक आणि टेपने गच्च झाका. पेपरचा गाळ बेअरिंगमध्ये गेला तर पॉलिश आतूनही सुरू होतं.

हर्णैकर

प्रश्न क्र. ३ वर माझं मत. लॅकर अजिबात मारू नका.

आमच्याकडे दोन घरांपलीकडे समुद्र. खारा वारा बारा महिने. इथे लॅकर मारलेलं ॲल्युमिनियम आधी खडा लागून टिचतं, मग त्याखाली तुम्ही वर्णन केलंत तेच गांडूळ. थर काढा, घासा, परत मारा, परत तेच. उघडं पॉलिश ठेवलेलं फार तर मंद होतं, फडकं मारलं की परत येतं. माझ्या आरएक्स १०० ची कव्हरं उघडीच आहेत. धुतली, पुसली, वर मेणाचं बोट. पावसाळ्यात जरा जास्त वेळा, एवढंच.

घाटरस्ता

@हर्णैकर, तुमची दोन कव्हरं हाताशी आहेत, सहज पुसली जातात. यांची अख्खी फ्रेम आहे, इंजिनामागे, टाकीखाली, जिथे दोन बोटं जात नाहीत अशा जागा. तिथे कोण मेण लावणार? बर्मिंगहॅमच्या थंडीत तर कोणीच नाही. चांगलं टू-पॅक क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचं पारदर्शक लॅकर) मारून मोकळं व्हावं.

मिश्रधातू

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण एक अडचण आहे. लॅकरला धरून राहायला खरखरीत जमीन लागते. २००० नंबरनंतर बफ केलेल्या आरशावर ते धरत नाही. आधी पॉलिशमधलं मेण-तेल पूर्ण काढा, तरी पकड कच्चीच. ६०० वर थांबलेल्या पृष्ठावर तेच लॅकर कितीतरी चांगलं बसतं. म्हणजे आरसा हवा असेल तर उघडा ठेवायचा, लॅकर हवं असेल तर मंद चमकेवर समाधान मानायचं. दोन्ही एकदम मागू नका.

@खटपट्या, इथे मी तुमच्या स्वप्नावर थोडं पाणी ओतते. फ्रेमच्या नळ्यांना सुंदर आरसा येईल. पण पायदानाजवळचे आणि स्विंगआर्मच्या धुऱ्याजवळचे ओतीव भाग तसे येणार नाहीत. ओतीव धातूत बारीक छिद्रं असतात. वरची त्वचा घासली की ती उघडी पडतात, आणखी घासलं तर खालची नवी दिसतात. मग एकाच फ्रेमवर आरसा आणि शेजारी पुरळ, असं दिसतं. सगळीकडे सारखी मंद रेघांची चमक जास्त देखणी दिसते, आणि नवा ओरखडा पडला तर शेडमध्ये दोन मिनिटांत मिसळून टाकता येतो.

गिअरबदल

+१. आरसा फोटोत छान, उन्हात चालवताना डोळ्यात.

खटपट्या

सगळ्यांचे आभार. मिश्रधातू ताई, तुमचा कौल बरोबर निघाला. मल्टिमीटर गप्प राहिला, सीटखाली स्ट्रिपर लावला तर दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा हातात आला. लॅकरच. इथे डायक्लोरोमिथेनवाला जुना जालीम स्ट्रिपर आता घरगुती ग्राहकाला मिळत नाही. जो मिळतो तो सावकाश काम करतो. वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ठेवली की सुकत नाही आणि पुरतो.

टाकी आणि सीट उतरवली, बाकी सगळं पिशव्यांत बांधलं. डाव्या बाजूची एक नळी आधी करून बघितली. लॅकर निघाल्यावर गांडुळांच्या जागी बारीक खाचा होत्या. त्यांत काळा मार्कर फिरवला आणि ३२० मारत गेलो. काळं दिसेनासं झालं तिथे खाच संपली. ही युक्ती इथल्याच एका शेजाऱ्याने दाखवली, तो जुन्या ट्रायम्फ जमवतो. एका ठिकाणी काळा ठिपका बराच खोल आहे. तो तसाच ठेवला, नळीची जाडी त्याच्यापायी कमी करायची नाही असं ठरवलं.

त्याच नळीच्या अर्ध्या भागाला २००० पर्यंत जाऊन ऑटोसोल (धातूची पॉलिश) लावून आरसा केला. उरलेला अर्धा ६०० वर थांबवून, मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने एकाच दिशेने लांबीच्या रेघा काढल्या. बायकोला बोलावलं. तिने न विचारता रेघांच्या बाजूला बोट ठेवलं. "ही मुद्दाम केल्यासारखी दिसते, ती दुसरी स्टीलच्या डब्यासारखी."

तर फ्रेम रेघांची. क्लच आणि मॅग्नेटोच्या कव्हरांना मात्र आरसा करणारच, तेवढी हौस राहू द्या.

आता पुढचा प्रश्न. घासल्यावर लगेच वर काही लावलं नाही तर चालतं का? मधल्या आठवड्यात शेड दमट असते.

मिश्रधातू

ॲल्युमिनियम हवेत आलं की क्षणात स्वतःचा ऑक्साइडचा पातळ थर धरतं, म्हणून लोखंडासारखी धांदल नाही. आठवडाभर दमट शेडमध्ये राहिलं तर थोडं मंद होईल, शेवटच्या हातात निघून जाईल. मीठ मात्र आधी पूर्ण धुतलेलं हवं. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, आणि सांध्यांत भरपूर पाणी. स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात तिथे मीठ राहिलं की ॲल्युमिनियम झिजतं, बोल्ट शाबूत राहतो. बोल्ट परत लावताना आट्यांना अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावा.

धुताना कडक डीग्रीझर टाळा. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं ते सगळ्यांनी पाहिलं असेल. क्षारयुक्त क्लीनर फ्रेमचंही तेच करतात. आणि चाकं साफ करायचे आम्लवाले स्प्रे तर जवळही आणू नका, काहींत हायड्रोफ्लोरिक असतं.

घाटरस्ता

मग रेघांवर लॅकर मारणार ना? आता तर जमीनही खरखरीत आहे.

खटपट्या

नाही. इथले बरेच रायडर हिवाळ्याआधी एसीएफ-५० फवारतात, मूळचं विमानांच्या गंजरोधासाठी काढलेलं. तेलकट थर राहतो, धूळ धरतो, दिसायला काही खास नाही. पण बोट जात नाही तिथे आपणहून शिरतो आणि मार्चमध्ये धुऊन टाकता येतो. डिस्क आणि टायरवर उडू द्यायचा नाही, तेवढं सांभाळायचं. उन्हाळ्यात दिसणाऱ्या भागांवर मेण. हर्णैकर जिंकले, घाटरस्ता यांचा आक्षेपही सुटला.

हर्णैकर

जिंकायचं काय त्यात, या एकदा गाडी घेऊन. मासे खायला घालतो.

अवांतर: माझ्या आरएक्सच्या कव्हरवरची उठावाची अक्षरं जवळपास गेली आहेत, बफिंगवाल्याकडे देऊन देऊन. स्क्रूच्या भोकांच्या कडाही बशीसारख्या खोलगट झाल्यात. यावर उपाय?

उद्यमनगर

गेलेलं परत येत न्हाय, दादा. राहिलेलं वाचवा. मोठं चाक भोकावरून फिरलं की कड गोल करतं. कव्हर देताना भोकांत जुने स्क्रू बसवूनच द्या, म्हणजे चाक आत उतरत नाही. अक्षरांवर चाक नकोच. आइसक्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून हाताने करायचं, नंबर ८०० च्या खाली न्यायचा नाही. आणि गॅस्केट बसते ती मागची बाजू, तिला कोणालाच हात लावू देऊ नका. तिथून तेल गळायला लागलं तर चमक धुऊन जाईल.

बफिंगवाल्याकडे नेलंच तर समोर उभं राहून करून घ्या. आम्ही पण माणसं आहोत, गिऱ्हाईक बघत असलं की हात जरा हलका पडतो.

आर१५वाला

चुंबक चिकटलं.

गिअरबदल

@आर१५वाला, 😄 स्विंगआर्मलाही लावून बघा. पहिल्या आवृत्तीचा तोही पोलादी, दुसऱ्या आवृत्तीपासून ॲल्युमिनियमचा आला. फारच खाज असेल तर क्लचचं कव्हर काढा, तिथे चिकटणार नाही. उद्यमनगर यांचा पहिला प्रतिसाद वाचून ४०० चा पेपर आणा.

आणि खटपट्या, फोटो.